पडद्यावरील पान : साधी मांडणी आणि ठळक रंग

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत संकेतस्थळांच्या सजावटीची चर्चा कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत उभा राहणें स्वाभाविक आहे. परंतु आज लेखक आपला लेख पुष्कळदां कागदाच्या आधीं पडद्यावर ठेवतो. कवि प्रकाशकाची वाट न पाहतां आपल्या कविता स्वतःच्या स्थळावर मांडतो. दीपनगर-भुसावळकडचा नुकताच पदवी घेतलेला अभियंताहि नोकरीच्या अर्जासोबत आपल्या स्थळाचा पत्ता जोडतो. अशा काळांत पडद्यावरील पान हें पुस्तकाच्या पानाइतकेंच टीकेच्या कक्षेंत येतें. जुन्या परीक्षणांच्या अखेरीस छपाई, कागद आणि बांधणी यांविषयीं दोन ओळी लिहिण्याचा प्रघात होता. तोच प्रघात येथें थोड्या विस्तारानें पाळावयाचा आहे.

अलीकडे वैयक्तिक संकेतस्थळें मोडून पुन्हा नव्यानें बांधण्याची एक लाट आली आहे. तिचीं दोन लक्षणें प्रथमदर्शनींच ध्यानांत येतात. मांडणी अगदीं साधी : एकच स्तंभ, वर नांव, खालीं लेखांची यादी, आणि कडेला मोकळी जागा. रंग मात्र धीट : हळदीसारखी पिवळी पार्श्वभूमि, डाळिंबी मथळे, गर्द निळे दुवे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरें लिहिण्याची जी सभ्यता मधल्या काळांत रूढ झाली होती, तिचा हा उघड निषेध आहे. ही निव्वळ टूम आहे कीं तिच्यामागें कांहीं विचार आहे, आणि मराठी लिहिणारानें ती जशीच्या तशी उचलावी कीं काय, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखाचे विषय आहेत.

प्रथम साधेपणाचा विचार करूं. टिम बर्नर्स-ली यांनीं १९९१ सालीं जगासमोर ठेवलेलें पहिलें संकेतस्थळ म्हणजे कांहीं परिच्छेद आणि कांहीं दुवे, एवढेंच होतें. अलंकार मागाहून आले. १९९४ मध्यें सुरू झालेल्या जिओसिटीजनें सामान्य माणसास फुकट जागा दिली, आणि त्या जागेंत लुकलुकणारीं अक्षरें, ताऱ्यांनीं भरलेलें आकाश, ‘काम चालू आहे’ अशा पाट्या यांची एक जत्राच भरली. जत्रेंत गोंगाट असतो, तसा जिवंतपणाहि असतो. पुढें लोकांना स्वतःचें घर बांधण्याचा कंटाळा आला, आणि ते ऑर्कुट, फेसबुक अशा तयार चाळींत बिऱ्हाड करून राहूं लागले. तेथें भिंतींचा रंग मालक ठरवी. जिओसिटीज २००९ सालीं बंद झालें, ऑर्कुट २०१४ सालीं. भाडेकरूंच्या सामानापैकीं पुष्कळसें कायमचें नाहींसें झालें. आज स्वतःचें साधें स्थळ बांधणारा मनुष्य या इतिहासांतून एक धडा शिकला आहे : जें आपलें लिहिणें, तें आपल्या छपराखालीं असावें.

मराठी लेखकास हा धडा आणखी कडू रीतीनें मिळाला आहे. २००० सालाच्या आगेमागें मराठी स्थळें आपापला वेगळा टाइप वापरीत. ‘क’ हें अक्षर यंत्राच्या दृष्टीनें ‘क’ नसेच. रोमन लिपींतील एखाद्या अक्षराच्या खणांत ‘क’ची आकृति बसविलेली असे. तो विशिष्ट टाइप वाचकापाशीं नसला म्हणजे सबंध लेखाच्या जागीं रोमन अक्षरांची अर्थशून्य रास दिसे. युनिकोडमध्यें देवनागरीस १९९१ पासून स्वतःचे खण होते. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीं रेखिलेला ‘मंगल’ टाइप घरोघर पोंचला. तरीहि जुनी संवय सुटावयास पुष्कळ वर्षें लागलीं. त्या काळांतील जे लेख एखाद्या टाइपाच्या किंवा गुंतागुंतीच्या चौकटींच्या आधारावर उभे होते, ते त्या आधारासह कोसळले. ज्यांनीं साधा मजकूर साध्या रीतीनें ठेवला, त्यांचे शब्द आजहि वाचतां येतात. म्हणून साधी मांडणी ही आमच्यापुरती अभिरुचीची गोष्ट नाहीं. ती जतनाची गोष्ट आहे.

आतां रंग. येथें पुष्कळ सुशिक्षित वाचक नाक मुरडतील. गंभीर लेखनास रंग कशाला, पांढऱ्यावर काळें पुरे, असें ते म्हणतील. परंतु ही समजूत आमच्या परंपरेची नसून छापखान्याच्या हिशेबाची आहे. छापखान्यांत प्रत्येक रंगास निराळा ठसा लागे, आणि कागद पुन्हा यंत्रांतून काढावा लागे. म्हणून रंग मुखपृष्ठावर राहिला आणि आंतला मजकूर काळा झाला. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनीं १९४५ सालीं सुरू केलेल्या ‘दीपावली’च्या मुखपृष्ठांवर रंगांची जी श्रीमंती दिसे, ती आंतल्या ओळींस परवडण्यासारखी नव्हती. काटकसरीलाच आपण हळूहळू सदभिरुचि म्हणूं लागलों.

छापखान्यापूर्वींची पोथी पाहावी. तिच्या पानाची मांडणी जितकी साधी तितकाच तिचा रंग ठळक. लांबट पान, दोन्ही बाजूंस समास, समासाशेजारीं तांबड्या रेघा, मधोमध काळ्या शाईच्या संथ ओळी. वक्ता बदलला, अध्याय संपला, कीं तेवढे शब्द हिंगुळाच्या तांबड्या शाईनें लिहिलेले. चुकलेलें अक्षर पिवळ्या हरताळानें झांकीत. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. एका पानावर तीन रंग, आणि तिघांनाहि नेमून दिलेलें काम : काळ्यानें सांगावें, तांबड्यानें खूण करावी, पिवळ्यानें पुसावें. यांतील एकहि रंग शोभेसाठीं आलेला नाहीं, आणि म्हणूनच पान शोभतें.

या पद्धतीस लिपीच्या स्वभावांतच एक कारण आहे, आणि माझ्या मतें तेंच या सर्व चर्चेचें मर्म आहे. रोमन लिपींत मोठीं व लहान अशीं दोन प्रकारचीं अक्षरें आहेत. शिवाय तिरप्या अक्षरांची एक स्वतंत्र आणि जुनी परंपरा आहे. मथळा, विशेषनाम, ग्रंथनाम, जोर द्यावयाचा शब्द हें सारें इंग्रज लेखक एकाच काळ्या शाईंत वेगळें दाखवूं शकतो. देवनागरींत हा भेद नाहीं. तिरपी देवनागरी ही यंत्रानें ढकललेली देवनागरी असते; फार ठळक केलेल्या देवनागरींत ‘ष’, ‘ध’, ‘क्ष’ यांच्या पोटांतील पोकळ्या बुजतात. मग भेद दाखवावयास उरतें काय? आकार, जागा आणि रंग. पोथी लिहिणाऱ्यानें हें ओळखलें होतें. इंग्रजी पानावर जो रंग कित्येकदां चैन ठरतो, तो मराठी पानावर व्याकरणाचें काम करूं शकतो. ठळक रंगांची ही लाट परदेशांतून आलेली असो वा नसो, तिला येथें स्वतःचें समर्थन आहे.

मात्र समर्थन आहे तें काम करणाऱ्या रंगाचें. या बाबतींत एक विदेशी उदाहरण आदर्शवत् आहे. १९३५ सालीं पेंग्विन पुस्तकमालेनें जीं स्वस्त पुस्तकें काढलीं, त्यांच्या मुखपृष्ठावर चित्र नव्हतें. तीन आडवे पट्टे, मधला पांढरा, आणि वरखालीं एकच भडक रंग. नारिंगी म्हणजे कादंबरी, हिरवा म्हणजे गुन्ह्याची कथा, निळा म्हणजे चरित्र. रंग ओरडत असे, पण अर्थशून्य ओरडत नसे. आगगाडीच्या घाईंत असलेल्या प्रवाशास तो दुरून सांगे कीं येथें काय आहे.

आमच्या नव्या स्थळांपैकीं पुष्कळांत हा विवेक दिसत नाहीं. त्यांत मला तीन दोष वारंवार आढळतात. पहिला, अक्षरांमधील अंतर. इंग्रजी मथळ्यांत अक्षरें दूरदूर मांडण्याची रीत मोहक दिसते. तीच आज्ञा मराठी मथळ्यास लावली कीं शिरोरेषा तुटते, आणि शब्द म्हणजे सुट्या खिळ्यांची ओळ होते. दुसरा, ओळींमधील अंतर. देवनागरीस वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार आहेत, खालीं उकार आणि जोडाक्षरें आहेत. इंग्रजीच्या मापानें ओळी बसविल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेस धडकतो. हे दोन्ही दोष साध्या मांडणींत अधिकच उघडे पडतात, कारण तेथें लपावयास दुसरें कांहीं नसतें.

तिसरा दोष रंगांच्या जोडीचा. अक्षर आणि पार्श्वभूमि यांच्या उजेडांतील तफावत मोजण्याचें एक सर्वमान्य माप आहे. काळें आणि पांढरें यांचें प्रमाण २१ ला १ येतें. सामान्य मजकुरासाठीं निदान ४.५ ला १ असावें, असा संकेत आहे. या मापानें पाहतां पांढऱ्यावरील शुद्ध पिवळा जवळजवळ अदृश्य ठरतो. त्याचें प्रमाण १ हून किंचित् अधिक. आम्हांस प्रिय असलेला केशरी २ च्या आसपास घुटमळतो. फार काय, पडद्यावरील शुद्ध तांबडाहि पांढऱ्यावर ४ च्याच घरांत राहतो. त्यास थोडें काळवंडून कुंकवाकडे न्यावें लागतें. उलट पिवळ्यावर काळें लिहिलें तर तेंच प्रमाण १९ च्या वर जातें. म्हणजे रंग धीट असणें आणि अक्षर स्पष्ट असणें या भिन्न गोष्टी आहेत. तांबड्यावर निळें लिहिणारा धीट असेल, पण त्याचा वाचक डोळे चोळीत बसेल.

हा विचार कोणास बारकाव्याचा वाटेल. आमच्या प्रांतांत तो व्यवहाराचा आहे. बहुतेक मराठी वाचक आज संगणकावर नव्हे, हातांतल्या फोनवर वाचतो. खानदेशांत वैशाखांतली दुपार म्हणजे काय, हें भुसावळच्या फलाटावर गाडीची वाट पाहणारास सांगावें लागत नाहीं. पारा ४५ अंशांशीं सलगी करीत असतो, आणि त्या प्रकाशांत राखाडी अक्षरांचीं तीं सभ्य पानें कोऱ्या कांचेसारखीं दिसतात. थंड देशाच्या बंद खोलींत जन्मलेली फिकट अभिरुचि येथल्या उन्हांत टिकत नाहीं. येथें ठळकपणा हा उद्धटपणा नसून वाचकाविषयींचा शिष्टाचार आहे.

कोणते रंग निवडावे, हा अखेरचा प्रश्न. पडद्यावर १ कोटि ६७ लक्षांहून अधिक छटा फुकट मिळतात. छापखान्यांत संयम पैशामुळें येई. येथें तो मनांतूनच यावयास हवा. आमच्यापासून फार दूर नसलेल्या अजिंठ्याच्या भिंती हाच संयम शिकवितात. काव, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळ, एवढ्या मोजक्या द्रव्यांवर त्या कलावंतांचा बहुतेक संसार चालला. निळा मात्र लाजवर्दाच्या खड्यापासून केलेला, दूरदेशाहून आलेला, आणि म्हणून जपून वापरलेला. दोन किंवा तीन रंग, आणि त्यांत एक दुर्मिळ, हा नियम पडद्यावरहि चालण्यासारखा आहे.

मात्र येथें एक मोह टाळावयास हवा. ‘आपलेपणा’ आणावयाचा म्हणून पानाच्या चारी बाजूंस पैठणीचा कांठ आणि कोपऱ्यांत वारली नर्तक चिकटविणें हें मराठीपण नव्हे. तें दुकानाच्या पाटीचें मराठीपण आहे. खरें मराठीपण शब्दांत आहे. आमसुली, चिंतामणी, मोरपिशी, गुलबक्षी, अबोली, अंजिरी, श्रीखंडी, शेंदरी : लुगड्यांच्या घड्यांतून आलेलीं हीं नांवें नुसत्या छटा सांगत नाहींत, त्या छटांशीं निगडित झालेलें आयुष्य सांगतात. जो लेखक आपल्या पानासाठीं ‘निळा’ न म्हणतां ‘चिंतामणी’ म्हणतो, त्यास नक्की कोणता निळा हवा हें ठाऊक असतें. नामकरण ही निवडीची पहिली पायरी आहे.

रंगाच्या नांवांत माणसाचें हृदय कसें सांठवतें, याचें उदाहरण या यंत्रविद्येंतहि आहे. संकेतस्थळांच्या सजावटीच्या भाषेंत सुमारें दीडशें रंगांस ठराविक नांवें आहेत. १९९६ पासून चालत आलेल्या त्या भाषेचा प्रसार ज्यांनीं आपल्या ग्रंथांनीं केला, त्या एरिक मेयर यांची कन्या रेबेका २०१४ सालीं, वयाच्या सहाव्या वाढदिवशींच, निवर्तली. तिच्या स्मरणार्थ सहव्यवसायी मंडळींनीं एका जांभळ्या छटेस ‘रेबेकापर्पल’ हें नांव दिलें. आज जगांतील कोणीहि तें नांव लिहिलें कीं पडद्यावर तोच जांभळा उमटतो. ज्या विद्येस आपण कोरडी समजतों, तिच्या कोशांत एका मुलीचें नांव कायमचें जाऊन बसलें आहे.

सारांश, साध्या मांडणीची आणि ठळक रंगांची ही नवी रीत मराठी लेखकानें स्वीकारावी, पण तिच्या मूळ इंग्रजी मापांसह नव्हे. ओळींस श्वास घेण्याइतकी जागा द्यावी. शिरोरेषा अखंड ठेवावी. रंग थोडे घ्यावे, धीट घ्यावे, आणि प्रत्येकास काम नेमून द्यावें. ज्या रंगास काम सांगतां येत नाहीं, त्यावर खुशाल हरताळ फासावा. हें झाल्यावरहि एक गोष्ट उरतेच. साधें पान कांहींच झांकीत नाहीं. गजबजलेल्या सजावटींत सुमार मजकूर खपून जात असे. एकाच स्तंभांत, पिवळ्याधमक पानावर, काळ्याभोर अक्षरांत तो एकटा उभा राहतो, आणि वाचकास त्याचें वजन तत्काळ कळतें. अशा पानावर उभें राहण्याची ज्याच्या मजकुरास भीति वाटत नाहीं, त्यानेंच अशी मांडणी करावी.