वरदानाला अट हवी

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्टीचं जग सांभाळतो, बाकीचे एकेक पात्र अंगावर घेतात आणि फाशांच्या कौलावर गोष्ट पुढे सरकते. हा रोलप्लेइंग गेम. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने तो रुजवला. त्या खेळात जादू ओघानंच आली. पण पाठोपाठ आलेल्या अंतराळयानांच्या खेळांतही मनोबलाने वस्तू हलवणारी, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारी पात्रं अवतरली. विज्ञानकथेत अशी अलौकिक शक्ती शोभते का, हा वाद तेव्हापासून चालू आहे. माझं मत स्पष्ट आहे: अट घातलेली शक्ती कुठेही शोभते, बिनअटीची कुठेच शोभत नाही.

रत्नागिरीच्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. शिमग्यात खेळे गावोगाव फिरतात. नमनात गण होतो, गवळण होते, मग वग रंगतो. काळ्या वेशातला, उंच टोकदार टोपीचा, कमरेला घुंगरू बांधलेला संकासूर आला की पोरं आईच्या पदराआड दडतात. १९८१ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या आजच्या सिंधुदुर्गात दशावतार आहे. तिथे आख्यान ठरलेलं असतं, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतो. म्हणजे जग ठरलेलं, पात्र ठरलेलं आणि बोलणं त्या क्षणाचं. रोलप्लेइंगची निम्मी कला इथे आधीपासून नांदते आहे.

हिरण्यकशिपूचं आख्यान बघा. दिवसा मरण नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. माणसाच्या हातून नाही, पशूच्याही नाही. ऐकताना वाटतं, याला आता कोण अडवणार? पण प्रत्येक अटीला एक फट आहे. तिन्हीसांजेची वेळ, उंबरठ्याची जागा आणि नरसिंहाचं रूप, एवढ्यात सगळं वरदान कोसळतं. नटाने कितीही पदरचं बोलावं, वराच्या अटी त्याला मोडता येत नाहीत, कारण समोर बसलेल्या म्हातारीला त्या तोंडपाठ असतात. राक्षसाचा दरारा आणि त्याचा अंत एकाच वाक्यात बांधलेले आहेत. आख्यान पहाटेपर्यंत माणसं धरून ठेवतं ते त्यामुळे.

आता विज्ञानकथेच्या खेळांकडे वळू. मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ १९७७ साली आला. यात पात्र आधी चार-चार वर्षांच्या मुदतींची नोकरी करून मगच खेळात उतरतं. मनोबलाची मोजणी करताना दोन फासे टाकायचे आणि नोकरीच्या जितक्या मुदती झाल्या तितके गुण वजा करायचे. समजा, चार मुदती काढलेल्या, चौतिशीतल्या खलाशाने सात पाडले. हाती उरले तीन. एकदोनदा कुणाचं मन वाचलं की तेही संपले. पुन्हा भरून यायला वेळ जाऊ द्यावा लागतो. शिवाय खेळातल्या साम्राज्यात ही विद्या बाळगणाऱ्याकडे संशयाने पाहिलं जातं, म्हणून ती लपवायची. तीन गुणांचा हा माणूस मला सर्वशक्तिमान नायकापेक्षा जास्त जिवंत वाटतो.

१९८७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या खेळात अट नैतिक आहे. शक्ती दुष्टपणे वापरली की काळ्या बाजूचा गुण चढतो. असे गुण साचत गेले आणि फासा उलटा पडला की पात्र खेळाडूच्या हातून निसटून खेळ चालवणाऱ्याच्या ताब्यात जातं. १९८९ च्या ‘शॅडोरन’मध्ये प्रत्येकाकडे सहा गुणांचं सत्त्व असतं. शरीरात यंत्राचे अवयव बसवले की ते घटतं, आणि त्याबरोबर मांत्रिकाची जादूही. तंत्र आणि मंत्र एकाच माणसात भांडतात. या कलेतला हा मला सर्वांत देखणा नियम वाटतो.

घसरण दिसते ती १९९० च्या ‘रिफ्ट्स’मध्ये. जादू, मनोबल, महायंत्रं असं सगळं तिथे एकत्र लोटलं आहे. मोठ्या शस्त्राचा एक घाव साध्या शंभर घावांच्या बरोबरीचा. कल्पनेचा आवाका थक्क करणारा, पण महाकवच घातलेल्या योद्ध्याशेजारी साध्या वाटसरूने करायचं काय? तो आपला कडेला बसून राहतो. शक्ती वाढली आणि गोष्ट आटली.

आपल्याकडच्या लेखनात दोन वाटा दिसतात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ पहिली आली. ती वाट अद्‍भुताला विज्ञानाच्या नियमांत बसवते. नारायण धारपांनी विज्ञानकथाही लिहिल्या आणि अमानवी शक्तींशी झुंजणारा ‘समर्थ’ही उभा केला. या दोन वाटांचा मिलाफ रोलप्लेइंगच्या मराठी खेळात होऊ शकतो, कारण शिस्त पहिलीकडे आहे आणि थरार दुसरीकडे.

दशावताराच्या रंगमंचाची आजची स्थिती मात्र काळजीत टाकते. नाटकाच्या फलकांवर ‘ट्रिकसीनयुक्त’ हा शब्द ठळक झाला आहे. धूर, दिवे, हवेत उचललेला देव, हे बघायला कुणाला आवडत नाही? मलाही आवडतं. पण दर दहा मिनिटांनी चमत्कार झाला की त्याची किंमत कुणी चुकवत नाही आणि वर मागण्याचा प्रसंग घाईत उरकला जातो. खरी गोष्ट त्या प्रसंगात असते.

कोकणातल्या तरुण लेखकांना, नटांना आणि संगणकावर खेळ रचणाऱ्या मुलांना माझी एवढीच विनंती आहे. आपल्या मातीतला विज्ञानकथेचा खेळ जरूर लिहा. पात्राला हवी ती सिद्धी द्या. पण नियमांच्या वहीत तिची अट आधी उतरवा, सिद्धी नंतर.