कॅमेऱ्याचा वर्ग आणि पाहण्याचा अधिकार

कॅमेरा स्वस्त झाला, तो ज्याच्या त्याच्या खिशात आला, म्हणून प्रतिमांच्या जगात लोकशाही अवतरली, असे आज मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. शाळा-महाविद्यालयांतून आणि तालुक्याच्या संगणक-संस्थांतून 'डिजिटल माध्यम' ह्या नावाचे वर्ग चालतात. फोटोग्राफी, चित्रसंपादन, पोस्टरची मांडणी असे विषय त्यांत असतात. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावचा, सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत आईबरोबर मजुरीला जाणारा मुलगाही आज मोबाईलवर फोटो काढतो, तो कापतो, त्यावर अक्षरे चढवतो. ज्याच्या पणजोबाला गावच्या चावडीसमोर मान वर करून उभे राहता येत नव्हते, त्याचा पणतू चावडीचा फोटो काढतो ही गोष्ट लहान नाही. ती लहान आहे असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

परंतु साधन हाती येणे आणि दृष्टी हाती येणे ह्या दोन वेगळ्या घटना आहेत. लेखणी हाती आल्यावरही काही काळ आपण प्रस्थापितांच्या कथेच्या साच्यात लिहीत होतो. बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963 साली आले, त्या सुमारास तो साचा फुटू लागला. आपले जगणे सांगायचे तर सांगण्याची रीतही बदलावी लागते, ही जाणीव साहित्यात रुजली. कॅमेऱ्याच्या वर्गात ती अजून पोहोचलेली नाही. तिथे अजून 'सुंदर फोटो कसा काढावा' एवढेच शिकवले जाते. सुंदर कुणाच्या डोळ्यांना, हा प्रश्न अभ्यासक्रमात नसतो.

तसा कॅमेऱ्याचा वर्ग महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचे शिक्षण सुरू झाले. हरिश्चंद्र चिंतामण ह्यांच्यासारखा आरंभीचा हिंदी व्यावसायिक फोटोग्राफर त्या वर्गातून तयार झाला. त्यानंतर वर्षभराने, जून 1856 मध्ये, धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलाला आत घेतले तर बाकीच्या प्रजेला ती शाळा निरुपयोगी होईल, असा सरकारी युक्तिवाद होता. ह्या दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. एका वर्गात काच आणि रसायने घेऊन प्रतिमा घडवायला शिकवले जात होते. दुसऱ्या वर्गाच्या दारातून मुलाला परत पाठवले जात होते.

मात्र वर्गाबाहेर ठेवलेला माणूस फोटोबाहेर राहिला नाही. वॉटसन आणि के ह्यांनी संपादित केलेले 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड 1868 ते 1875 ह्या काळात निघाले. त्यांत जातीजमातींचे नमुने म्हणून माणसे उभी केली आणि त्यांचा स्वभाव, लायकी, राजनिष्ठा ह्यांविषयी शेरे छापले. त्याआधी मुंबईतच विल्यम जॉन्सन ह्यांनी शहरातल्या जातीजमातींचे सचित्र खंड काढले होते. एका ठिकाणी काढलेली माणसे कापून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवण्याची युक्ती त्यांत होती. आजचा विद्यार्थी पार्श्वभूमी बदलण्याची जी करामत फोटोशॉपमध्ये शिकतो, तिचा हा पूर्वज. माणसाला त्याच्या जागेवरून उचलायचे, आपल्याला हव्या त्या जागी ठेवायचे आणि खाली त्याचे नाव न लिहिता त्याच्या जातीचे नाव लिहायचे! फोटोग्राफीच्या इतिहासाच्या पाठात हे शिकवले पाहिजे. तिथे बहुधा डागेर ह्या फ्रेंच माणसापासून सुरुवात होते आणि कोडॅकपाशी शेवट होतो.

कोडॅकचे नाव आलेच आहे तर तेही पाहू. रंगीत छपाईचे रंग जुळवण्यासाठी ह्या कंपनीकडून प्रयोगशाळांना जी नमुना-कार्डे जात, त्यांवर गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे. 'शर्ली' ह्या नावाने ती ओळखली जात. तिची त्वचा नीट उतरली की रंग बरोबर. काळ्या माणसांच्या घरांतून फोटोत चेहरे हरवल्याचे दुःख होतेच. पण फिल्म सुधारण्याची निकड कंपनीला विशेष वाटली ती चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांनी आपल्या मालाच्या छटा उतरत नाहीत अशी तक्रार केल्यावर. काळ्या माणसाच्या चेहऱ्यापेक्षा काळ्या टेबलाला भाव जास्त!

हे अमेरिकेचे झाले. आपल्याकडे पाहा. चुन्याने पांढऱ्या केलेल्या विहाराच्या भिंतीपुढे पांढरे लुगडे नेसलेली काळीसावळी बाई उभी आहे. कॅमेरा प्रकाश मोजताना समोरचे सगळे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. पांढरे जास्त दिसले की तो प्रकाश कमी करतो. भिंत करडी होते आणि बाईचा चेहरा काळोखात जातो. विद्यार्थ्याला वाटते, चेहराच असा आहे. उपाय साधा आहे. प्रकाश चेहऱ्यावरून मोजायचा, किंवा कॅमेऱ्याने ठरवलेल्यापेक्षा मुद्दाम वाढवून घ्यायचा, आणि भिंत जास्त पांढरी झाली तर होऊ द्यायची. चेहरा आधी, भिंत नंतर. तंत्राच्या भाषेत ही एका बटणाची गोष्ट आहे, पण शिक्षकाने ती सांगितली नाही तर मुलगा दुसरा उपाय शोधतो: चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारा फिल्टर. मोबाईलने तो आयता दिलेलाच असतो. आपल्या आईचा रंग ही दुरुस्त करण्याची चूक आहे, असा धडा मग तो न बोलता शिकतो.

वर्गाचा दुसरा लाडका विषय 'ग्रामीण जीवन'. चौकटीचे तीन-तीन भाग कसे पाडावेत, सकाळ-संध्याकाळचे तांबूस ऊन कसे पकडावे, हे सांगून मुलांना गावात पाठवतात. मुले काय आणतात? म्हाताऱ्या बुढीच्या सुरकुत्या, भेगाळलेली टाच, चुलीचा धूर, उघडे पोर. असले फोटो स्पर्धेत बक्षिसेही मिळवतात. त्या चौकटीत रोजगार हमीची थकलेली मजुरी नसते, गायरानाचा तंटा नसतो, पाण्याच्या टाकीपासून वस्तीपर्यंत न आलेला नळ नसतो. दारिद्र्याचे कारण बाहेर ठेवून त्याचा पोत तेवढा आत घेतला जातो. आणि खेदाची बाब ही की, वस्तीतला मुलगाही स्वतःच्या आजीचा फोटो असाच काढतो. तिचे नाव त्याला ठाऊक असते. तरी खाली लिहितो 'वार्धक्य'. नाव ठाऊक नसलेल्या परक्याने हे केले असते तर त्याला आपण शहरी म्हणून मोकळे झालो असतो.

ह्या ठिकाणी सुधारक ओलवे ह्यांचे काम विद्यार्थ्यांपुढे ठेवले पाहिजे. ओलवे मूळचे अकोल्याचे. 1998 पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होते, तेव्हा रिठदच्या मुलांना ते परके नाहीत. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. ते जगभर पाहिले गेले आणि 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ह्या कृष्णधवल फोटोंत घाण आहे, गटार आहे, उघड्या हातांनी उपसलेला कचरा आहे. पाहणाऱ्याला नाक दाबावेसे वाटते. परंतु ओलवे तिथे थांबत नाहीत. कामगाराच्या मागोमाग ते त्याच्या खोलीपर्यंत, त्याच्या बायकापोरांपर्यंत जातात. एका दिवसाच्या भेटीत असे फोटो मिळत नाहीत. माणूस कॅमेऱ्यासमोर सैल व्हायला जो काळ जावा लागतो, तो ह्या फोटोंत साठलेला आहे.

तरीही एक शंका मला सतावते. हे फोटो प्रदर्शनाच्या पांढऱ्या भिंतीवर लागतात तेव्हा त्यांच्यापुढे हळहळणारा प्रेक्षक कोण असतो? ज्याच्या संडासाची वाट त्या गटाराला मिळते, तोच. हळहळून तो घरी जातो. ही ओलवे ह्यांच्या कामातली उणीव नव्हे. फोटोच्या मर्यादेची ती जाणीव आहे, आणि विद्यार्थ्याने ती पहिल्याच वर्षी करून घ्यावी. फोटो साक्ष देतो; निकाल देण्याचे काम रस्त्यावरच्या आणि न्यायालयातल्या लढ्याचे. गुजरातेत ऊना येथे जुलै 2016 मध्ये दलित तरुणांना फटके मारणाऱ्यांनीच त्याची चित्रफीत काढली आणि पसरवली. त्यांना ती फुशारकी वाटली होती. तीच पुरावा झाली, कारण तिच्यामागे हजारो माणसे उभी राहिली.

कॅमेरा आपल्याच माणसांच्या हाती आला की प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी 'खबर लहरिया'ची हकीगत वाचावी. बुंदेलखंडात 2002 साली सुरू झालेले हे ग्रामीण स्त्रियांचे वृत्तपत्र. त्यात दलित स्त्रिया पुढे होत्या. छापील पत्र सोडून मोबाईलवर बातमीचे चित्रण करण्याकडे त्या वळल्या. त्या प्रवासावर रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष ह्यांनी 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट 2021 मध्ये केला. त्यात मीरा ही पत्रकार आपल्या सहकारिणींना मोबाईल हाताळायला शिकवते. कुणाला त्यातली इंग्रजी अक्षरे लागत नाहीत, कुणी बोट लावायलाही बिचकते. डिजिटल माध्यमांच्या वर्गाचे याहून खरे चित्रण मी पाहिलेले नाही. माहितीपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले, सगळीकडे टाळ्या पडल्या. आणि मार्च 2022 मध्ये 'खबर लहरिया'ने जाहीरपणे सांगितले की ह्या चित्रपटातली आमची प्रतिमा अपुरी आहे. एकाच राजकीय पक्षावर आमचा रोख असल्यासारखे दाखवले आहे, आमचे काम त्याहून व्यापक आहे.

काहींना हे कृतघ्नपणाचे वाटले. मला ते त्या माहितीपटाइतकेच मोलाचे वाटते. दिग्दर्शकांचा हेतू वाईट होता असे कुणीही म्हटलेले नाही. पण ज्यांनी कॅमेरा शिकून घेतला, त्यांनाच दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातली आपली प्रतिमा पाहून 'ही आम्ही पूर्ण नाही' असे म्हणता आले. पाहण्याचा अधिकार म्हणजे हाच: आपल्याला कसे पाहिले गेले ह्यावर हरकत घेण्याचा अधिकार.

आता मांडणीकडे, म्हणजे वर्गाच्या भाषेत डिझाइनकडे. आपल्या खेड्यांतली खरी डिझाइनची शाळा म्हणजे फ्लेक्सचे दुकान. 14 एप्रिल जवळ आला की तिथे रात्रभर संगणक चालतो. सर्वांत वर बाबासाहेब आणि बुद्ध, मध्ये पुढाऱ्याचा हात जोडलेला धड, आणि खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट आकाराच्या रांगा. कुणाचा चेहरा किती मोठा हे वर्गणीवर आणि पदावर ठरते. उतरंडीविरुद्ध आयुष्य घालवलेल्या माणसाची जयंती आपण उतरंडीच्याच नकाशावर साजरी करतो. दोन-तीन वर्षांत तर पुढाऱ्याचा चेहरा बाबासाहेबांहून मोठा होतो, आणि कुणाला ते खटकत नाही. बाबासाहेबांचा रंगही उजळलेला असतो. फ्लेक्स करणाऱ्या पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. दुसरा नमुना त्यांना कुणी दाखवलेलाच नाही.

नमुने मात्र आहेत. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' सुरू केला तेव्हा शिरोभागी तुकोबांचा अभंग घेतला. 'बहिष्कृत भारत' 3 एप्रिल 1927 रोजी निघाला, त्यावर ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. महारवाड्यातल्या वाचकाने पत्र उघडताच त्याच्या भाषेतला, त्याच्या कानातला शब्द आधी दिसावा, ही मांडणीच होती. आणि ती पैशाविना झाली. बाबासाहेबांच्या स्वतःच्या फोटोंतही ही जाणीव आहे. सूट, टाय, खिशात पेन, हातात पुस्तक, सरळ नजर. 'नमुना' म्हणून उभ्या केलेल्या माणसांच्या रांगेला दिलेले ते उत्तर आहे. अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस ह्यांनीही हेच जाणले होते. एकोणिसाव्या शतकातला सर्वांत अधिक फोटो निघालेला अमेरिकन म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, आणि कॅमेऱ्यासमोर ते जवळजवळ कधी हसले नाहीत. हसरा, समाधानी गुलाम ही मालकांची आवडती प्रतिमा होती.

दुसरा नमुना 2011 साली 'नवयान'ने प्रसिद्ध केलेल्या 'भीमायन'चा. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम ह्या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे चरित्र चित्रांत मांडले. चित्रकथेत पाने चौकोनी खणांत कापण्याची जी रूढ रीत आहे, ती त्यांनी स्वीकारली नाही. माणसांना खोक्यात कोंडायचे नाही, हे त्यांनी ठरवले आणि आपल्याकडच्या भिंतींवरच्या 'दिग्ना' नक्षीने पाने वाहती ठेवली. मायेने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात. जातीचे विष ओकणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. पाणी नाकारले गेलेल्या मुलाची कथा सांगताना पानांतून मासे, पाणी, झाडे सरकत राहतात. चौकट मोडणे म्हणजे काय, हे वर्गात तासभर व्याख्यान देण्याऐवजी ही दहा पाने दाखवावीत. काही ठिकाणी निवेदन फार शिकवणी घेते हे खरे, पण चित्रे ती कसर भरून काढतात.

ह्या सगळ्यानंतर वर्गात नेमके काय करावे, असे शिक्षक विचारतील. माझे सुचवणे फार मोठे नाही. पहिला फोटो काढायला सांगण्याआधी मुलांना घरातल्या पेटीतले जुने फोटो आणायला सांगावेत. आपल्या अनेक घरांतला पहिला फोटो कुणी हौसेने काढलेला नसतो; तो शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी, जातीच्या दाखल्यासाठी तालुक्याच्या स्टुडिओत जाऊन काढलेला असतो. मागे पडदा, अंगात मागून आणलेला सदरा. एखाद्या घरी वसतिगृहातल्या मुलांचा समूहफोटो निघेल, एखाद्या घरी नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेल्या माणसांचा. मुलांनी त्यांची मोबाईलवर नीट प्रत घ्यावी, प्रकाश चेहऱ्यांवरून मोजावा, आणि प्रत्येक चेहऱ्याखाली नाव, गाव, साल लिहावे. पुढे ते फोटो कुठे लावायचे आणि कुठे लावायचे नाहीत, हे ज्या घरचे फोटो त्या घराला विचारावे. घर 'नको' म्हणाले तर फोटो परत पेटीत जावा. काम लौकर सुरू करावे लागेल. ऑक्टोबर 1956 मध्ये जे पंधरा वर्षांचे होते ते आज ऐंशी ओलांडून गेले आहेत, आणि मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण हे त्यांच्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही.