भोकरदन : नावाची व्युत्पत्ती आणि शिलालेखांची साक्ष

केळणा नदीच्या काठचे भोकरदन हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. त्याच्या नावाची उपपत्ती सांगताना भौमासुराच्या कथेचा आधार घेण्याचा प्रघात आहे. येथे त्या असुराची राजधानी होती, श्रीकृष्णाने त्याचा वध केला आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. लोककथा म्हणून तिचे मोल आम्ही नाकारीत नाही. परंतु व्युत्पत्ती म्हणून ती पहिल्याच कसोटीस उतरत नाही. 'भौम'मधून 'भो' निघेल. पुढील 'करदन'चा उलगडा कसा करावयाचा?

याउलट सांचीच्या स्तूपावरील ब्राह्मी दानलेख पाहावेत. इसवी सनापूर्वीच्या शतकांत 'भोगवढन' येथील दात्यांनी स्तूपासाठी दान दिल्याची नोंद तेथे प्राकृतात कोरलेली आहे. पुराणांतील जनपदांच्या याद्यांत दक्षिणापथातील प्रदेश म्हणून संस्कृत 'भोगवर्धन' हे नाव येते. म्हणजे हे नाव केवळ नगराचे नव्हते, तर भोवतालच्या प्रदेशाचेही होते. मराठी 'भोकरदन' हे त्याच परंपरेतील रूप होय. यातील 'र' विशेष लक्षणीय आहे. प्राकृत 'वढन'मध्ये तो नाही, संस्कृत 'वर्धन'मध्ये आहे. तेव्हा आजचे रूप संस्कृत रूपाच्या वाटेने आले असावे, असा आमचा तर्क आहे. 'ग'चा 'क' होणे मात्र नियमित नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ही ओळख केवळ ध्वनिसाम्यावर उभी नाही. 1973 साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांनी केलेल्या उत्खननात येथे सातवाहनकालीन समृद्ध वसाहत उजेडात आली. तेथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पॉम्पेई येथील मूर्तीशी असलेले साम्य सर्वश्रुत आहे. दूरदेशीच्या व्यापारात गुंतलेल्या अशा नगरातील लोक सांचीस दान देतात, यात नवल नाही.

आता थोडे आपल्याच मंडळींविषयी. असुर म्हणजे आपला पूर्वज, तेव्हा भौमासुर आपला, असा उलटा अर्थ लावण्याचा मोह आपल्याकडे होतो. महात्मा फुले यांनी बळीराजाच्या कथेचा नवा अन्वय लावून पुराणांची चिकित्सा करावयास शिकविले. पुराणकथेलाच इतिहास मानावयास नव्हे. त्याचप्रमाणे 'भोगवर्धन' हे नावच बौद्ध आहे, असाही दावा करू नये. त्या शब्दात धम्माचे काही विशेष नाही. 'भोग' म्हणजे उपभोग, समृद्धी, क्वचित प्रदेशविभागही.

बौद्ध आहे ते दात्यांचे दान. राजा वा असुर नसलेल्या त्या माणसांनी आपल्या गावाचे नाव दूरच्या स्तूपाच्या दगडावर ठेवले. ती साक्ष हाताशी असताना आम्हास दुसऱ्या कथेची गरज भासू नये.