होडीत न मावलेला माणूस

शाळेत असताना आमच्या गुरुजींनी ‘अंकल टॉम्स केबिन’मधली एलायझा आम्हांला सांगितली होती. पोटच्या पोराला छातीशी कवटाळून ती ओहायो नदीच्या तरंगत्या बर्फावरून उड्या घेत पैलतीर गाठते. पायांतले जोडे निसटतात, बर्फावर रक्ताचे ठसे उमटतात. मुलींनी डोळे पुसले आणि आम्ही मुलगे उगाच खिडकीबाहेर पाहू लागलो. अलीकडे ती कादंबरी पुन्हा वाचली. प्रसंग तितकाच थरारक वाटला, पण मन तितके द्रवले नाही. हा दोष वयाचा की कादंबरीचा, याचा विचार करीत असतानाच त्याच नदीकाठचे दुसरे एक पुस्तक हाती आले.

हॅरिएट बीचर स्टो यांची कादंबरी 1852 साली ग्रंथरूपाने निघाली आणि वर्षभरात अमेरिकेत तिच्या तीन लाख प्रती खपल्या. स्टोबाई अठरा वर्षे सिनसिनाटीला, नदीकाठीच राहिलेल्या. दक्षिण तीरावर केंटकी, तिथे माणूस विकत मिळे. उत्तर तीरावर ओहायो, तिथे गुलामगिरीला बंदी. मध्ये फक्त पाणी. सिनसिनाटीच्या वरच्या अंगाला रिप्ले नावाचे गाव आहे. तिथल्या टेकडीवर जॉन रँकिन हे पाद्री राहत आणि पळून आलेल्यांना आसरा देत. 1838 च्या हिवाळ्यात एक बाई मूल घेऊन बर्फावरून आली, ती त्यांच्याच घरी. एलायझाची मूळ कथा हीच, असे रँकिन सांगत. त्या कुटुंबाच्या आठवणींनुसार ही बाई काही वर्षांनी परत आली, मागे राहिलेल्या आपल्या माणसांना सोडवायला!

हे परत येणे कादंबरीत नाही, आणि माझ्या मते तिची मर्यादा तिथेच आहे. पैलतीरी पाय लागताच एलायझा सज्जन गोऱ्यांच्या हाती जाते. एक जण तिला दरडीवर ओढून घेतो. पळालेल्यांना मदत करू नये असा कायदा करू पाहणारे सिनेटर महाशय स्वतःच तिला रातोरात सुरक्षित जागी पोहोचवतात. वाचकाचा जीव आता एलायझापेक्षा सिनेटरसाहेबांच्या विवेकबुद्धीतच अधिक गुंततो.

दुसरे पुस्तक जॉन पार्करचे, ‘हिज प्रॉमिस्ड लँड’. पार्कर 1827 साली व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मला. आठव्या वर्षी आईपासून तोडून विकला गेला, साखळीत बांधून दूर अलाबामात नेला गेला. तिथे तो लोखंड ओतण्याचे काम शिकला आणि 1845 मध्ये 1800 डॉलर फेडून त्याने स्वतःलाच विकत घेतले. पुढे रिप्लेला नदीकाठी त्याने ओतशाळा काढली. दिवसा भट्टी, रात्री होडी. ऐंशीच्या दशकात एका पत्रकाराला त्याने हे सारे सांगितले. हस्तलिखित पडून राहिले आणि छापून निघाले ते 1996 साली.

त्यातला एकच प्रसंग सांगतो. पळालेल्यांची एक टोळी पार्कर रानातून काठावर आणतो. मागावर माणसे आहेत. होडी एकच, तीही लहान. दोघांना काठावर राहावे लागणार. होडीतली एक बाई आकांत करते, कारण त्या दोघांतला एक तिचा नवरा. तेवढ्यात होडीत बसलेला दुसरा एक माणूस उठतो, एक शब्द न बोलता उतरतो आणि तिच्या नवऱ्याला जागा देतो. पार्कर वल्ही मारतो. पैलतीराजवळ येतो तोच मागे दिवे हलताना दिसतात, आरोळ्या ऐकू येतात. तो समजतो, पकडला गेला.

बस्स, एवढेच. स्टोबाईंनी या माणसाच्या तोंडी एक प्रार्थना घातली असती आणि पानभर अश्रू ढाळले असते. पार्करला तेवढी सवड नाही. त्याला पुढची माणसे लपवायची आहेत. पळणे म्हणजे इथे चमत्कार नव्हे, हिशेब आहे: किती माणसे, किती जागा, उजाडायला किती वेळ. तो हिशेब चुकतो तिथेच करुणरस आपोआप पाझरतो. पुस्तक सर्वत्र असे उतरले आहे असे मात्र नाही. लेखणी पत्रकाराची असल्याने काही प्रकरणांना साहसकथेचा वास येतो, आणि पार्करला बढाईचेही वावडे नाही. मालकाच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेले तान्हे मूल, शेजारी खुर्चीवर मेणबत्ती आणि पिस्तुले, आणि ते मूल उचलून पळणारा पार्कर! ही हकीकत वाचताना शब्द कुठे त्याचे आणि कुठे लिहून घेणाऱ्याचे, असा संशय येतोच. होडीच्या प्रसंगी तो येत नाही.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध जुना आहे. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सत्पुरुषांना. ते योग्यच होते. पण त्या वेळी पार्करने आपली कहाणी सांगितलीही नव्हती. ती त्यांच्या हाती पडती तर अर्पणपत्रिकेत एखादी ओळ वाढली असती, असे मला राहूनराहून वाटते.

पार्कर सोडवलेल्यांची नावे एका वहीत लिहीत असे. 1850 चा कडक कायदा आला, पळालेल्यांना मदत करणाऱ्याला हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद. वहीत तोवर 315 जणांची नोंद झाली होती. पार्करने ती आपल्याच भट्टीत टाकली. होडीतून उतरलेल्या माणसाचे नाव पुस्तकातही नाही.