शेवटचे पंधरा फूट

विमान उतरवण्याच्या सगळ्या खटाटोपात माझा जीव गुंततो तो शेवटच्या पंधरा फुटांत. तोवर सारा हिशेब असतो. वेग ६५ नॉट, फ्लॅप खाली, धावपट्टीचं टोक समोरच्या काचेत एका जागी स्थिर. पंधरा फुटांवर हा हिशेब संपतो. थ्रॉटल पूर्ण मागे घ्यायचा, नाक हळूहळू उचलत राहायचं आणि विमानाला जमिनीवर टेकू द्यायचं नाही. वेग मरत जातो, पंखांतला जोर सरतो, आणि मग पंखांखालची दोन चाकं आपणहून जमिनीला लागतात. याला फ्लेअर म्हणतात. सेसना १७२ सारख्या छोट्या विमानात हा सारा खेळ काही सेकंदांचा. घरच्या सिम्युलेटरवर मी तो वर्षानुवर्षं केला आहे. खऱ्या सेसनात मात्र मोजक्याच वेळा, बारामतीच्या धावपट्टीवर, शेजारी प्रशिक्षक बसलेले असताना. एकच बंदिश दोन गळ्यांतून ऐकावी तसे हे दोन अनुभव मी मनात शेजारी शेजारी ठेवून बघत असतो.

ब्रूस आर्टविकने १९७९ साली अ‍ॅपल टू संगणकासाठी फ्लाइट सिम्युलेटर केला, तेव्हा त्यातलं जग म्हणजे थोड्या रेघा होत्या. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये उपग्रहाच्या छायाचित्रांवरून उभी केलेली अख्खी पृथ्वी आहे. तिच्यावरून उडताना मी आजही हरखून जातो. पण शेवटच्या पंधरा फुटांत पडदा कमी पडतो. जमीन किती जवळ आली हे बरंचसं डोळ्याच्या कडेला कळतं: दोन्ही बाजूंचं गवत वर येतं, पसरतं, धावू लागतं. घरच्या एका सपाट पडद्यावर ही कडच नसते, म्हणून तिथं शिकलेला माणूस आकड्यांना चिकटतो. मीही चिकटलो होतो. पहिल्याच फेरीत प्रशिक्षकांनी माझ्यासमोरच्या तबकड्यांवर नकाशाची घडी धरली आणि म्हणाले, "नजर बाहेर ठेवा, धावपट्टीच्या त्या टोकाला. आकडे मी बघतो."

त्याहून मोठा फरक हातात आहे. माझ्या घरच्या योकमध्ये, म्हणजे हातात धरायच्या सुकाणूत, स्प्रिंग आहे. विमान जोरात असो की हळू, ती सारख्याच ताकदीनं योक मध्यावर ओढते. खऱ्या योकवर हाताला लागतो तो शेपटीवरून जाणाऱ्या वाऱ्याचा दाब. वेग असला की योक ताठ, वेग उतरला की मऊ, आणि फ्लेअरमध्ये तर इतका सैल की किती वेग उरलाय ते तळहातच सांगतो. ट्रिमचं चाक कशासाठी असतं हेही मला तेव्हा कळलं. नाक हवं तिथं धरून ठेवायचं आणि हातावरचा भार नाहीसा होईपर्यंत चाक फिरवायचं. मग बोटं सोडली तरी विमान तसंच राहतं. ओझं उतरल्याचं ते सुख स्प्रिंगला देता येत नाही.

आणि बैठक. दुपारी बारामतीभोवती उडताना खालची बागायत कुठं संपली आणि जिरायत कुठं सुरू झाली ते न बघता कळतं. तापलेल्या उघड्या रानावरून हवा वर येते आणि खुर्ची खालून ढकलते. उसावर आलं की तीच खुर्ची बुडाखालून निसटते. चढ-उतार दाखवणारा काटा हे सांगतो, पण उशिरा. सिम्युलेटरवर मला त्या काट्यावरच भागवावं लागतं.

पण म्हणून अंगाची साक्ष कायम खरी मानू नये. ढगात शिरून क्षितिज हरवलं की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा फसते. सावकाश लागलेलं वळण तिला सरळ जाणंच वाटतं. १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत विमानटपालाचं काम सैन्याकडे आलं आणि वाईट हवेत अनेक तरुण वैमानिक मेले. त्यानंतर त्याच वर्षी सैन्यानं एडविन लिंकची सहा खोटी विमानं, वैमानिकांना शिकवायला, विकत घेतली. लिंकच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला पियानो आणि ऑर्गनचा कारखाना. त्याच वाद्यांचे भाते वापरून लिंकनं १९२९ साली एक छोटं खोटं विमान केलं होतं, जे हवा भरली-सोडली की कलायचं, वळायचं. वैमानिकाला आत बसवून वरचं झाकण लावलं की त्याच्यापुढे उरायचे फक्त काटे. सैन्याला हवी होती ती ही आंधळी कोठडी, अंगाला काय वाटतं ते बाजूला ठेवून काट्यांवर भरवसा ठेवायला शिकवणारी. त्यामुळे घरचा सिम्युलेटर म्हणजे खऱ्याची पातळ नक्कल, असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. ढगातून धावपट्टीपर्यंत उतरण्याची रीत मी तिथंच शिकलो. पुन्हा पुन्हा चुकत, मध्येच थांबवून, विचार करून. खऱ्या विमानाला मध्येच थांबवता येत नाही.

वाद्याचा हा धागा मला सेसनाच्या पंखातही सापडला. उडण्याआधीच्या तपासणीत प्रशिक्षकांनी डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवरचं एक छोटं भोक दाखवलं. खिशातला धुतलेला रुमाल त्यावर ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "आता तोंडानं हवा ओढा." टाचा उंचावून मी ओढली. कॉकपिटमधून पेटीची एकच पट्टी दाबल्यासारखा सूर आला. हाच स्टॉलचा हॉर्न. त्याला वीज लागत नाही. नाक फार वर गेलं की पंखाच्या त्या कडेवर हवेचा दाब घटतो, भोकातून हवा बाहेर ओढली जाते आणि आतली पत्ती वाजते. पंख हवेवरची पकड सोडायच्या, म्हणजेच स्टॉलच्या, पाच-दहा नॉट आधी. घरी स्पीकरमधून येतो तो याच आवाजाचा ठसा. इथं पंखावरची हवा स्वतः वाजत असते.

चौथ्या फेरीत पंधरा फुटांवर मी थ्रॉटल मागे घेतला. नजर त्या टोकाला, योक सैल होत होत जवळजवळ पोटाशी आलेला. डोक्याच्या डाव्या बाजूला आधी नुसता उसासा आला, मग बारीक कण्हणं, मग स्पष्ट सूर. प्रशिक्षकांचे हात मांडीवर होते. सूर चालू असतानाच चाकं लागली.