स्कोन, बाफला आणि पाककृतीची मराठी

रविवारी सकाळी पोहे-जिलेबी आणि दुपारी दाळ-बाफले हा ज्या नगरीचा नेम, त्या इंदुरातील मराठी घरांत चारच्या चहाबरोबर ‘स्कोन’ नावाचा विलायती पदार्थ दिसू लागला आहे, ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही. मंदसोरच्या १८१८ च्या तहानंतर येथे रेसिडेन्सी आली आणि लालबाग राजवाड्याची फाटके तर बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांवरून घडविली गेली. तेव्हा तक्रार पदार्थाविषयी नाही. ती आहे त्या पदार्थाच्या मराठीत छापल्या जाणाऱ्या कृतींविषयी.

अशाच एका छापील कृतीवरून आमच्या घरी प्रथम स्कोन झाले. कृतीत ‘मैदा’ घ्यावा असे होते, तो घेतला. ‘चांगला मळून घ्यावा’ असे होते, तसा मळला. जे बाहेर आले ते पाटा-वरवंट्याच्या कुळातले निघाले. पुढे मूळ इंग्रजी कृती पाहिली तेव्हा उलगडा झाला. तेथे साधा मैदा नसून, ज्यात फुगविणारी पूड आधीच मिसळलेली असते असा मैदा सांगितला होता. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने १८४५ साली त्याचे पेटंट घेतले आणि आज तो तिकडच्या घरोघरी असतो. भाषांतरकाराने त्याचा नुसता ‘मैदा’ केला आणि पूड घालण्यास सांगावयाचे विसरला. एका विशेषणाच्या लोपाने सारा घाणा वाया गेला.

परंतु आमच्या मते खरा अपराध ‘मळणे’ ह्या क्रियापदाचा आहे. मराठी गृहिणीस मळणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. कणीक तिंबावी, मुठींनी दाबावी, लवचिक होईपर्यंत सोडू नये, हे तिच्या हातांत मुरलेले असते. पोळीस जे तारक तेच स्कोनला मारक. पीठ जितके तिंबावे तितका त्यातील चिकटपणा वाढतो आणि पदार्थ चिवट होतो. मूळ कृतीत दूध घातल्यावर पीठ जेमतेम एकत्र आणावयाचे असते. त्यासाठी ‘हलक्या हाताने गोळा करावे’ असे सरळ मराठी होते. ते कोणास सुचू नये ह्याचा विषाद वाटतो.

दुसरे स्थळ लोण्याचे. ‘मिश्रण ब्रेडच्या चुऱ्यासारखे दिसेपर्यंत लोणी मिसळावे’ असे ह्या कृतींत छापलेले असते. ज्या घरात शंकरपाळे आणि करंज्या होतात तेथे मोहन चोळणे हा शब्द का परका आहे? पिठाची मूठ वळली की मोहन बेताचे झाले, ही कसोटी आमच्या आज्या-पणज्यांची. स्कोनला मोहन कडकडीत नसून थंड लागते, एवढाच भेद सांगावयास हवा होता. लोण्याचे बारीक कण पिठात तसेच राहिले तर भट्टीत ते वितळतात, त्यांतील पाण्याची वाफ होते आणि पदार्थास पदर सुटतात. माळव्याच्या वैशाखात लोणी बोटांतच विरघळते, म्हणून तेथे चोळण्याचे काम पहाटे करावे. ही सूचना विलायतेच्या पुस्तकात असणार नाही, ती भाषांतरकारानेच घालावयाची असते. घरच्या लोण्यात पाणी अधिक असते, तेव्हा दूधही चमचाभर कमी करावे.

कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये निघाली आणि घराघरांत गेली ती ह्याच गुणामुळे. वाटी-चमचा हे माप त्यांनी धरले. इंग्रजी कृतीतील २२५ ग्रॅम मैद्याच्या सुमारे दोन वाट्या आणि ५० ग्रॅम लोण्याचे साडेतीन चमचे होतात, एवढे सांगण्यास कोणते पांडित्य लागते?

वस्तुतः स्कोन हा आपल्याला फारसा परका नव्हेच. तो मूळचा स्कॉटलंडचा. गॅव्हिन डग्लसने १५१३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘एनीड’च्या भाषांतरात त्याचे नाव सापडते. पूर्वी तो तव्यावर भाजीत. १८४३ मध्ये आल्फ्रेड बर्डने बेकिंग पावडर सिद्ध केल्यावर त्याला आजची उंची आली. त्याआधीपासूनचा जुना मार्ग सोडा आणि ताक ह्यांचा. ताकातील आंबटपणा सोड्याशी मिळाला की वायू सुटतो आणि पीठ फुलते. मंगळूरचे बन्स करणाऱ्या कोंकणी घरात हे रसायन कोणास शिकवावे? आमचा बाफला आधी पाण्यात उकळून मग गोवरीच्या विस्तवात भाजला जातो, म्हणून त्याची जात वेगळी. पण भरड कणकेत तूप चोळण्याची क्रिया दोहोंकडे एकच.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याची आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून गोपाळराव जोश्यांनी नावे छापविली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि टिळक-रानड्यांसारख्यांस प्रायश्चित्ताचा विचार करावा लागला. पावाविषयीचा किंतु गोव्यात त्याहून जुना. पाव सुरेने आंबवीत, हे त्याचे एक कारण. तो काळ सरला, तरी सोमवारी किंवा श्रावणात घरातील वडील माणूस ताटलीकडे पाहून विचारतेच, “ह्यात अंडे आहे काय गो?” ह्या प्रश्नाचे उत्तर कृतीने द्यावयास हवे. स्कोनमध्ये खमीर नसते, आणि साध्या कृतीत अंडेही नसते. काही कृतींत वरून चकाकीसाठी अंडे फासतात. तेथे दूध फासले तरी काम भागते. भाषांतरकार मात्र अंडे जसेच्या तसे ठेवतो, आणि मग सून स्वयंपाकघरात अवघडून उभी राहते. अशा घरात पदार्थ एकदा बाद झाला की तो कायमचाच बाद होतो.

उच्चाराविषयी तिकडेच एकमत नाही. कोणी ‘स्कॉन’ म्हणतो, कोणी ‘स्कोन’. डेव्हनमध्ये आधी दाट साय आणि वर मुरंबा लावतात, कॉर्नवॉलमध्ये ह्याच्या उलट. आमच्या घरी ताकाचे स्कोन २२० अंशांवर बारा-पंधरा मिनिटे भाजतात; वाटीने कापताना ती फिरवीत नाहीत, सरळ दाबून उचलतात, नाहीतर कड मिटून स्कोन एका अंगास कलतो. मुरंबा कैरीचा असतो, आणि साय आधी लावावी की नंतर ह्यावर सासू-सुनेचे अद्याप जुळलेले नाही.