शेख महंमदांचा संग्राम आणि आपलं प्रेम



मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, "सर, सूफी म्हणतात की प्रेमातून स्वतःचा शोध लागतो. तो लागल्यावर नेमकं सापडतं काय?" वेळ संपली असं सांगून आम्ही विषय पुढे ढकलला. खरं म्हणजे वेळ होती, उत्तर नव्हतं. आज त्याच प्रश्नाला धरून बोलू आणि त्या निमित्ताने एका मराठी ग्रंथाची थोडी चिकित्सा करू. ग्रंथ आहे शेख महंमद यांचा 'योगसंग्राम'.

सुरुवात आपल्या गोंदिया जिल्ह्यातूनच करू. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला प्रतापगड तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. महाशिवरात्रीला तिथे महादेवाची यात्रा भरते, गावोगावचे पोहे निघतात. आणि तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या नावाचा दर्गा आहे. एकच माणूस सकाळी महादेवाला बेल वाहतो आणि परतताना दर्ग्यावर फुलं ठेवतो. त्याला यात काही विशेष वाटत नाही, विशेष वाटतं ते आपल्यासारख्या व्याख्यान देणाऱ्यांना. हे उस्मान हारूनी म्हणजे अजमेरच्या ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींचे पीर. त्यांच्या नावावर एक फारसी गझल सांगितली जाते. ती त्यांचीच की दुसऱ्या कोणाची, यावर वाद आहे, पण तिचा आशय स्पष्ट आहे: प्रियाच्या दर्शनाने नाचणारा माणूस आपण का नाचतो हे सांगू शकत नाही. 'मी नाचतो' म्हणताना त्यातला 'मी' कुठे आहे हेच त्याला कळेनासं होतं.

इथेच आपल्या प्रश्नाची पहिली अडचण उभी राहते. हल्ली मोबाइलवर सकाळी सकाळी जी सूफी वचनं येतात, त्यांत बहुधा असं असतं की प्रेम करा म्हणजे तुम्ही स्वतःला सापडाल, तुमच्यातलं सौंदर्य फुलेल. सूफींचा मूळ शब्द आहे 'फना'. फना म्हणजे नाहीसं होणं, विरून जाणं. ज्या वाटेच्या टोकाला 'मी' नाहीसा होतो, तिला 'मी' सापडण्याची वाट म्हणून विकायचं, हा उलटा व्यवहार झाला. बसराची राबिया, आठव्या शतकातली, एका हातात आग आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन निघाली अशी कथा सांगतात. स्वर्ग जाळायचा आणि नरक विझवायचा, म्हणजे लोभ किंवा भीती न ठेवता लोक देवावर प्रेम करतील. आता विचार करा, 'स्वतःचा शोध' हाही एक स्वर्गच आहे की नाही? तोही मिळवायचाच माल. राबियाने त्यालाही आग लावली असती, असं आम्हाला वाटतं.

पण नुसतं 'फना' म्हणून भागत नाही, हेही तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने लक्षात घेतलं पाहिजे. 'मी' पूर्ण विरला, तर प्रेम कोण करतो? इ.स. 922 मध्ये बगदादला मन्सूर हल्लाजला मृत्युदंड दिला गेला. 'मीच सत्य' हे त्याचं वचन त्याच्याबरोबर कायमचं जोडलं गेलं. ते अहंकाराचं टोक होतं की अहंकार संपल्याची खूण, यावर त्यानंतर शतकानुशतकं वाद झाले. त्याच बगदादचा जुनैद, हल्लाजच्या आधी बारा वर्षं वारलेला, सावध माणूस होता. त्याच्या परंपरेने फनापुढे 'बका' ठेवलं. बका म्हणजे उरणं. विरून गेल्यावर पुन्हा माणसांत येणं, बाजारात जाणं, घर चालवणं. विरण्याची नशा सोपी, उरण्याची शुद्ध अवघड, असा त्याचा रोख.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर आता श्रीगोंद्याला येऊ. नगर जिल्ह्यातलं हे गाव, जुनं नाव चांभारगोंदे. सोळाव्या-सतराव्या शतकात शेख महंमद तिथे राहिले. सूफींच्या कादिरी परंपरेशी त्यांचं नाव जोडलं जातं. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले त्यांना मानत. परंपरेनुसार त्यांचे गुरू चांद बोधले, आणि हेच चांद बोधले एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू. नाथांच्या चरित्रात दत्तात्रेय मलंगाच्या वेशात भेटतात ती कथा तुम्ही ऐकली असेल. रा. चिं. ढेऱ्यांनी या कथेमागचा धागा चांद बोधल्यांपर्यंत नेऊन दाखवला. ते मान्य केलं, तर श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि पैठणचे एकनाथ एकाच घराच्या दोन खोल्यांत वाढले असं म्हणावं लागतं.

'योगसंग्राम' 1645 साली पूर्ण झाला. अठरा अध्याय, दोन हजारांवर ओव्या. आता नावाकडे नीट बघा. सूफी म्हटलं की आपल्याला प्रेम, मदिरा, गुलाब, बुलबुल आठवतात, आणि हा मराठी सूफी आपल्या ग्रंथाचं नाव ठेवतो 'संग्राम'! साधकाने अहंकार आणि त्याच्या सैन्याशी करायचं युद्ध हे ग्रंथाचं मध्यवर्ती रूपक. सूफी विचारात बाहेरच्या लढाईपेक्षा स्वतःच्या 'नफ्स'शी, म्हणजे वासनांनी भरलेल्या 'मी'शी, चाललेली लढाई मोठी मानली आहे. तुकोबांनीही अहोरात्र चालणाऱ्या आतल्या युद्धाची भाषा केलीच आहे. शेख महंमदांनी या दोन्ही बाजूंची भाषा एका ओवीत बसवली, पुराणातली नावं घेऊन, योगाचे शब्द घेऊन. स्वतःला ते 'अविंध' म्हणवतात, म्हणजे कान न टोचलेला, मुसलमान. आपली ओळख ते लपवत नाहीत आणि तिच्यावर थांबतही नाहीत.

आमची पहिली तक्रार इथे आहे, आणि ती ग्रंथाबद्दल नसून वाचकांबद्दल आहे. शेख महंमदांचं नाव आपण कधी घेतो? ऐक्याचं प्रमाणपत्र हवं असतं तेव्हा. 'बघा, मुसलमान असून विठ्ठलावर प्रेम केलं!' टाळ्या होतात आणि ग्रंथ कपाटातच राहतो. त्यातल्या 'असून' या शब्दात किती अढी आहे, हे टाळ्या वाजवताना लक्षात येत नाही. दुसरे लोक ते मुळात आमचेच की तुमचेच यावर भांडतात. ज्या माणसाने 'माझं' या शब्दाविरुद्ध आयुष्यभर युद्ध केलं, त्याच्याच मालकीवरून भांडण व्हावं, याला काय म्हणावं? वा. सी. बेंद्रे आणि ढेरे यांच्यासारख्यांनी कष्ट करून हे साहित्य आपल्यापुढे ठेवलं, ते वाचण्यासाठी ठेवलं.

दुसरी तक्रार मात्र ग्रंथाबद्दल आहे. भक्तिभावाने वाचणाऱ्यांनी रागावू नये. 'योगसंग्राम' सलग वाचायला जड जातो. युद्धाचं रूपक लांबत जातं, तसतशी त्याची यादी होते: हा विकार म्हणजे हे शस्त्र, तो गुण म्हणजे तो वीर. ढोंगी साधू, ढोंगी फकीर, क्षुद्र देवतांच्या मागे धावणारे, सगळ्यांना शेख महंमद झोडपतात. कधी कधी वाटतं, इतकं रागवायचं होतं तर प्रेम कुठे गेलं? ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'त शिव आणि शक्ती एकमेकांवाचून राहू शकत नाहीत. तिथे प्रेमासाठीच एकाचे दोन होतात आणि दोघांत एकपण मोडत नाही. वाचताना दम लागत नाही. शेख महंमदांकडे पानोपानी दम लागतो. आमचं मत बरीच वर्षं असंच होतं की ज्ञानदेवांकडे प्रेम आहे आणि शेख महंमदांकडे नुसती कवायत.

हे मत कसं बदललं ते सांगतो. विषयाला धरूनच आहे.

आमचा पीएच.डी.चा प्रबंध 'अहं' या संकल्पनेवर होता. तो लिहीत असताना आणि नंतरही, मिळून अकरा वर्षं, आम्ही सख्ख्या मोठ्या भावाशी बोलत नव्हतो. कारण? धानाच्या बांधीचा धुरा. हातभर जमीन. त्यांनी धुरा सरकवला असं आम्हाला वाटत होतं, आणि आम्ही पुस्तकं वाचून माजलो असं त्यांना वाटत होतं. 'अहंकाराचा निरास' या प्रकरणावर परीक्षकांनी शाबासकी दिली. त्याच आठवड्यात गावच्या लग्नात भाऊ समोर दिसले आणि आम्ही मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो.

पुढे भाऊ आजारी पडल्याचं कळलं. दवाखान्यात गेलो. जाताना मनात वाक्यं जुळवली होती, थोडी माफीची, थोडी हिशेबाची. ते म्हणाले, "जेवून निघालास का?" बस, एवढंच. जुळवलेलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. त्या खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या बसल्या दिसलं की अकरा वर्षांतली निदान दहा वर्षं आमची होती. भाऊ ती भिंत केव्हाच ओलांडून आले होते, पलीकडे आम्हीच पहारा देत बसलो होतो.

तर त्या तरुण मित्राला उत्तर असं. प्रेमातून स्वतःचा शोध लागतो हे खरं. पण पहिल्यांदा जे सापडतं ते सुंदर नसतं. सापडतो तो पहारेकरी. दुसऱ्या कोणावर तरी जीव असल्याशिवाय तो दिसतच नाही, कारण एकट्यात त्याच्याशी आपलं छान जमतं. प्रबंध लिहितानाही जमतं. 'चांगदेव पासष्टी'त ज्ञानदेव सांगतात ते हेच: डोळा स्वतःला पाहू शकत नाही, त्याला आरसा लागतो. सूफीही हृदयाला आरसा म्हणतात, पण त्यांच्या काळचा आरसा काचेचा नव्हता, धातूचा होता. त्यावर गंज चढायचा आणि तो घासावा लागायचा. आपल्याकडे भंडाऱ्याची पितळी भांडी घरोघरी आहेत. चिंच आणि राख लावून ती घासणाऱ्या बाईला विचारा, भांड्यावर प्रेम आहे म्हणून घासतेस की घासतेस म्हणून प्रेम आहे? ती हसेल आणि घासत राहील.

ही गोष्ट ध्यानात घेऊन 'योगसंग्राम' पुन्हा उघडला, तेव्हा ती यादी वेगळी दिसू लागली. प्रत्येक विकाराला नाव देणं, त्याचं शस्त्र ओळखणं, तो कुठल्या दारातून येतो ते सांगणं, हे घासणंच आहे. ते कंटाळवाणं आहे, कारण घासणं कंटाळवाणं असतं. ग्रंथाचा दोष पूर्ण गेला असं आम्ही म्हणणार नाही. लांबण आहे ती आहे, आणि काही ठिकाणी राग प्रेमापुढे जातो. पण कवायत म्हणून आम्ही जे बाजूला सारलं होतं, ते प्रेमाचंच रोजचं काम होतं, हे ओळखायला आम्हाला पुस्तकापेक्षा ते स्टूल जास्त उपयोगी पडलं.

आणि बका, उरणं? भाऊ त्या दुखण्यातून उठले, पुढे चार वर्षं जगले. धुरा तिथेच राहिला, कोणी सरकवला नाही. त्या चार वर्षांत आम्ही एकदाही अहंकारावर व्याख्यान दिलं नाही. पावसाळ्यात त्यांच्याकडे जाऊन रोवणी बघत बसायचो.

पुढच्या वेळी 'अमृतानुभवा'चं पहिलं प्रकरण घेऊ. तोवर 'योगसंग्रामा'चा एक तरी अध्याय वाचून या, जमल्यास मोठ्याने, आणि कंटाळा आला तर तो कुठल्या ओवीला आला ते टिपून ठेवा. आपण तिथूनच बोलायला सुरुवात करू.